कावीळ संपली, कंबर शिल्लक आहे

आता ही फजिती कुठून सांगायला घेऊ, तेच कळत नाही. तिच्यात एक कॉम्प्युटर आहे, तेवीस कावीळवाले आहेत, एक पालखी आहे आणि माझं स्वतःचं लग्न आहे. या सगळ्यांची वाट लावणारा माणूस मात्र एकच, आणि तो आत्ता तुमच्यासमोर बशीतून चहा पितोय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी वागळे इस्टेटमधल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात टाइम ऑफिसला नवीनच लागलेलो. बादल्या, मग, टमरेलं असला आमचा माल. टाइम ऑफिसचं काम म्हणजे कोण आला, कोण नाही आला, कोण उशिरा आला आणि का, याच्या नोंदी ठेवायच्या. सहा महिने प्रोबेशन. नंतर साहेबांची मर्जी असली तर पर्मनंटचं पत्र, नाहीतर राम राम.

हे पत्र मला नुसतं नोकरीसाठी नको होतं. मी राहायचो डोंबिवलीला, मानपाडा रोडवर, मामाकडे. समोरच्या बिल्डिंगमध्ये जगदाळे सर राहायचे. शाळेत पी.टी. शिकवायचे. त्यांची मुलगी सुनंदा. मला ती पसंत होती, तिला मी पसंत होतो, आमच्या दोघांच्या आयांना हे सगळंच पसंत होतं. राहिले जगदाळे सर. ते म्हणाले, "पर्मनंटचं पत्र दाखव, दुसऱ्या दिवशी सुपारी फोडू. पत्र नाही तर सुपारी नाही." पी.टी.च्या मास्तरांचं बोलणं असंच. सावधान किंवा विश्राम, मधलं काही नाही.

तर काहीही करून पर्मनंट व्हायचंच होतं. आणि नेमका त्याच वर्षी आमच्याकडे कॉम्प्युटर आला.

आज तुम्हाला हसू येईल, पण त्या कॉम्प्युटरचा थाट काय वर्णावा. कारखान्यात एसी दोघांनाच होता, एक मॅनेजर भावे साहेबांना आणि एक कॉम्प्युटरला. साहेबांचा बिघडला की साहेब कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन बसायचे. कॉम्प्युटर कधी साहेबांकडे गेला नाही. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मी डोंबिवलीत तीन महिन्यांचा कोर्स केलेला, त्यामुळे सबंध कारखान्यात त्या यंत्राशी बोलणारा मी एकटाच. देवळातला पुजारीच म्हणा ना.

आता या यंत्राने साहेबांना खूश कसं करायचं? तर आदल्या वर्षी कँटीनच्या टाकीत काहीतरी पडलेलं आणि निम्मा कारखाना चार दिवस जुलाबांनी आडवा झालेला. साहेबांना वरून भरपूर बोलणी बसली होती. त्यांची सल ही की, आपल्याला कळलं कधी, तर सगळे आडवे झाल्यावर.

आणि मी एका मासिकात वाचलेलं की परदेशात म्हणे साथ आधीच ओळखतात. रोगाचं नाव नक्की व्हायची वाटच बघत नाहीत. कुठे किती जणांना ताप आला, किती जणांना उलट्या झाल्या, किती जण कामावर आले नाहीत, हे आकडे रोजच्या रोज कॉम्प्युटरमध्ये घालतात. आकडा नेहमीपेक्षा एकदम वर गेला की कॉम्प्युटर ओरडतो.

मी साहेबांपुढे हे सगळं एका दमात म्हणून दाखवलं.

साहेब पुण्याचे. चष्मा पुसत म्हणाले, "निकम, हे आपल्याला करता येईल का हो?"

"आठ दिवसांत, सर. आजारपणाची रजा घेताना लोक डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतातच. त्यावरचं दुखणं मी आत घालत जातो. एका आठवड्यात एकच दुखणं पाचापेक्षा जास्त लोकांना झालं की यंत्र ओरडेल."

"करा. जमलं तर तुमच्या पत्राचं मी बघतो."

मी केलं. आणि आश्चर्य म्हणजे ते चाललं. महिन्याभरात एकदा यंत्र ओरडलं, पॅकिंगच्या सहा बायकांचं डोकं दुखतंय म्हणून. जाऊन बघतो तर खिडकीपाशी रंगाचे डबे उघडे पडलेले. डबे हलवले, डोकी थांबली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी डोंबिवलीला उतरल्यावर मी सुनंदासाठी गजरा घेतला आणि जगदाळे सर गॅलरीत उभे होते म्हणून मामीला दिला.

मग मार्च उजाडला.

सोमवारी पाच सर्टिफिकेटं आली, सगळी मोल्डिंगमधली. मोल्डिंग म्हणजे जिथे गरम प्लास्टिक साच्यात दाबतात ते खातं. पाचही जणांना कावीळ. मंगळवारी नऊ आली. नऊच्या नऊ कावीळ. बुधवारी आणखी नऊ. मोल्डिंगमध्ये माणसंच होती चाळीस, त्यातली तेवीस पिवळी. यंत्र असं ओरडायला लागलं की बाहेरचा वॉचमन चपला न काढता आत आला.

तुमच्यापैकी जे कोकणातले आहेत ते आत्ताच गालात हसायला लागलेत, दिसतंय मला. हसा. मी पडलो साताऱ्याकडचा. मला काय दिसलं सांगू? सगळ्या सर्टिफिकेटांवर सही एकाच डॉक्टरची, आमच्या मागच्या गल्लीतल्या. माझं डोकं कसं चाललं बघा. डॉक्टर एक, म्हणजे वस्ती एक. वस्ती एक, म्हणजे पाणी एक. पाणी एक, म्हणजे साथ. आणि ती जगात सगळ्यात आधी कुणी ओळखली? निकमांनी.

कागदाची लांबलचक पट्टी फाडून मी साहेबांच्या खोलीत घुसलो.

"कॉम्प्युटर काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

"ओरडतोय, सर. कावीळ. तेवीस."

साहेब उभे राहिले. पुढच्या तासाभरात कँटीन बंद, टाकी रिकामी, कोपऱ्यावरच्या रसवाल्याची गाडी हद्दपार. पिंपभर पाणी उकळत ठेवलं. राहिलेले लोक एकमेकांना उन्हात नेऊन डोळे बघायला लागले. वॉचमनचे डोळे जन्मापासून पिवळट होते, त्याला पगारी रजेवर घरी पाठवला. तो बिचारा मला अजून दुवा देतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज हा किस्सा झालाच नसता. पण मला पत्र दिसत होतं. मी म्हटलं, "सर, रुग्णांच्या घरी जाऊन बघायला पाहिजे. परदेशात तसंच करतात."

साहेबांनी कंपनीची मॅटाडोर दिली. मी ग्लुकोजचे डबे घेतले, ब्लीचिंग पावडरची गोणी घेतली, तोंडाला रुमाल बांधला आणि जवळच्या किसननगरच्या चाळींत शिरलो. पहिलं घर शिगवणमामांचं. मामा मोल्डिंगमधले सगळ्यात जुने कामगार, सगळी पोरं त्यांच्या शब्दाबाहेर नसायची. दाराला कुलूप. दुसऱ्या घराला कुलूप. तिसऱ्याला कुलूप. अकरा दारं ठोठावली, अकरा कुलपं. घरंच्या घरं ॲडमिट झाली की काय?

शेजारची एक बाई तांदूळ निवडत बसली होती. तिला विचारलं, "शिगवण कुठे आहेत?"

"गावाला गेले."

"अहो, पण ते आजारी आहेत."

"कोण, भाऊजी? सकाळी ढोल खांद्याला मारून नाचत गेले की इथून. बायकापोरं पण गेली."

मी वहीत लिहिलं, "रुग्णास भ्रम."

काय हसताय? मला खरंच तसं वाटलं. रक्तातलं पित्त मेंदूत चढलं की माणूस काहीही करतो, असं मी कुठेतरी वाचलेलं. परत येऊन साहेबांना सांगितलं, "सर, फार वाईट बातमी आहे. साथ कोकणात गेली."

साहेबांनी विचारलं, "आपल्या कारखान्यातून?"

"होय सर."

तिथल्या तिथे ठरलं. प्रत्येकाच्या गावच्या पत्त्यावर तार करायची. मजकूर साहेबांनी सांगितला आणि भर मी घातली. कावीळ धोकादायक आहे, लोकांत मिसळू नका, परत आल्यावर सर्वांचं रक्त तपासलं जाईल. तेवीस तारा मी स्वतः पोस्टात उभं राहून केल्या. पोस्टातला माणूस माझ्यापासून लांब सरकून बसला.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगमधली हौसाबाई टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. खाडीकडची कोळीण, अंगावर हिरवं लुगडं, बोलणं असं की मशीन बंद पडावं. तिला दोन दिवस रजा पाहिजे होती.

"कशाला?"

"होलीला. आमचा मोठा सन हाय."

"हौसाबाई, साथ आलीय. आत्ता कुणाला रजा मिळणार नाही."

"कनची साथ?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. सर्टिफिकेटं, कुलपं, तारा. ती आधी ऐकत होती, मग खिडकीचे गज धरून हसायला लागली आणि शेवटी खाली बादल्यांच्या थप्पीवर जाऊन बसली.

"अरं बाला," डोळे पुसत म्हणाली, "ती कावील नाय. तो शिमगा हाय."

"म्हणजे?"

"कुटचा रं तू?"

"साताऱ्याकडचा."

"तरीच."

मग तिने मला जे सांगितलं ते सगळ्या कारखान्याला माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त दोघांना, पुण्याच्या साहेबांना आणि साताऱ्याच्या मला. आमच्याकडे होळी म्हणजे पोळी खाल्ली, बोंब मारली, संपलं. कोकणातल्या माणसाचं तसं नाही. तो गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणार म्हणजे जाणारच. देवीची पालखी देवळातून निघून घरोघर जाते, दहा-पंधरा दिवस चालतं ते. कंपनीची सुट्टी एक दिवस. मग मागच्या गल्लीतले डॉक्टर कामाला येतात. तापाचं सर्टिफिकेट घेतलं तर दोन दिवसांत ताप उतरतो. कावीळ घेतली की पंधरा दिवस कुणी काही विचारत नाही. वर्षानुवर्षं शिमग्याला मोल्डिंगला कावीळ व्हायची आणि रंगपंचमी सरली की उतरायची. आधी कागद फायलीत जात होते, फायल कपाटात जात होती. मोजायला कुणी बसलं नव्हतं. या वर्षी मी बसलेलो.

मी हसलो नाही. कारण तारेतलं शेवटचं वाक्य मला आठवलं. सगळ्यांचं रक्त तपासणार. साहेबांनी लॅबवाल्याला बोलावूनसुद्धा ठेवलेलं. रक्त स्वच्छ निघालं की सर्टिफिकेट खोटं, सर्टिफिकेट खोटं की माणूस घरी. तेव्हा इस्टेटमध्ये एकेका कारखान्याचं शटर कायमचं खाली येत होतं, एकदा बाहेर पडलेला माणूस परत आत जात नव्हता. तेवीस घरं मी एका कोर्सच्या जोरावर रस्त्यावर आणलेली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मामीला वाटलं, मलाच कावीळ झाली.

सगळ्यात आधी परत आले शिगवणमामा, रजेचे सहा दिवस राखून. कामाच्या कपड्यात नव्हते. कानामागे गुलाल तसाच. खिडकीशी उभे राहिले आणि तार माझ्यासमोर ठेवली.

"ही तुम्ही केलीत?"

"हो."

"सहाणेवर, म्हणजे देवीच्या चौथऱ्यावर, पालखी बसलेली. सगळा गाव जमलेला. पोस्टमननं तिथंच आणून दिलीन, नि गुरवानं मोठ्यानं वाचलीन." मामांनी खांद्यावरून हात फिरवला. "आमच्या घराला पालखीचा पहिला खांदा आहे, साहेब. माझ्या बापाचा होता, आता माझा. गावकऱ्यांनी सांगितलं, कावीळवाल्यानं देवीला हात लावायचा नाय. खांदा माझ्या चुलतभावानं घेतलान. मला वीस पावलं लांब उभा केला. प्रसाद पानावर ठेवून पुढं सरकवला."

त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तारेची नीट घडी घातली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"चूक झाली, मामा," मी म्हटलं.

"खांदा गेला तो गेला. आता पोरांच्या नोकऱ्या तरी राखा."

मी तसाच साहेबांच्या खोलीत गेलो.

"सर, कॉम्प्युटर चुकला."

"कॉम्प्युटर चुकत नाही, निकम. हे तुम्हीच मला चारदा सांगितलंय."

"मग मी चुकलो."

"हां. ते शक्य आहे."

मी सर्टिफिकेटांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्या डॉक्टरांचं अक्षर असं की, शाईत पाय बुडवून झुरळ कागदावरून फिरलंय. "सर, मी याला कावीळ वाचलं. ती कंबर आहे. कंबरदुखी."

साहेबांनी भिंग काढलं. कागद उजेडात धरला, मग उलटा धरला. "असू शकेल," म्हणाले. "पण तेवीस जणांची कंबर?"

"मोल्डिंगमध्ये लोखंडी साचे हाताने उचलतात ना, सर."

"मग ही तर फारच गंभीर गोष्ट आहे."

लॅबवाल्याला नको म्हणून फोन गेला. आठवड्याभरात मोल्डिंगला साचे उचलायला नवी कोरी चेनपुली आली, जी युनियन पाच वर्षं मागत होती. तेवीस माणसं उन्हाने रापून, ओरडून घसे बसवून कामावर आली आणि दोन दिवस कंबरेवर हात ठेवून चालली. सगळ्यांचं निभावलं. माझं प्रोबेशन सहा महिने वाढलं, कारण "वाचनात निष्काळजीपणा".

जगदाळे सरांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "पत्र नाही? मग सुपारी नाही." सुनंदा गॅलरीत कपडे वाळत घालायची ती आता माझ्याकडे पाठ करून घालायला लागली.

माणसाने इथे शहाणं व्हावं की नाही? पण गणपती जवळ आले आणि शिगवणमामा परत खिडकीशी. सोबत मोल्डिंगमधले आणखी दोघं.

"साहेब, तो तुमचा यंत्र पाचापर्यंत गप बसतो ना?"

"बसतो."

"मग जरा वाटून द्या."

मी कशाला नाही म्हणणार होतो? पालखीचं ओझं होतं डोक्यावर. त्याच एसी खोलीत बसून, त्याच कॉम्प्युटरवर, ज्यावर मला साथ ओळखायची होती, मी दुखण्यांचं रेशन केलं. कावीळ पाच, टायफॉइड पाच, कंबर पाच, मलेरिया पाच, मूळव्याध पाच. मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे यादी गेली. त्यांनी म्हणे मान डोलावली आणि म्हणाले, "कुणीतरी शिकलेला माणूस दिसतो."

पण वाटप काय सोपं असतं? एक तरुण पोरगा कुरकुरत आला. "साहेब, मला मूळव्याध नको. नवीन लग्न झालंय. टायफॉइड द्या ना."

"टायफॉइड संपला."

"मग मलेरिया?"

"मलेरिया ज्येष्ठतेप्रमाणे गेला."

शेवटी त्याने आपल्याच गावातल्या एकाशी अदलाबदल केली. चोवीस माणसं गणपतीला निघाली. मामा स्वतः पाच कावीळवाल्यांपैकी एक.

आणि त्याच आठवड्यात, चतुर्थीला दोन दिवस असताना, मी सकाळी आरशात बघितलं तर माझे डोळे हळदीसारखे पिवळे.

खरी कावीळ. माझ्या डोंबिवलीच्या मामाच्या ओळखीच्या डॉक्टरांनी बघितलं, रक्त तपासलं, एकवीस दिवस अंथरुण सांगितलं, वर दोन महिने काहीही जड उचलायचं नाही. मी त्यांचा कागद घेऊन, भिंत धरत धरत, कारखान्याच्या फाटकाशी शिगवणमामांना गाठलं. ते शेवटची पाळी करून निघतच होते.

"मामा, मला कावीळ झालीय."

मामा हसले. "तुमच्या गावाला पण जायचा हाय काय?"

"नाही हो. खरी झालीय."

त्यांनी माझी पापणी खाली ओढून बघितली आणि त्यांचं हसू गेलं. "पण कावीळ पाच झाल्या, साहेब. तुम्ही सहावे, नि तुम्ही रजेवर म्हणजे कागद दुसरा कोणीतरी आत घालणार. यंत्र ओरडलं तर भावे साहेब सगळ्या कावीळवाल्यांची रक्तं काढील. तुमचं खरं निघेल. आमचं?"

मी उभ्या उभ्या घामाने भिजत होतो. "मग मी काय करू?"

मामांनी खिशातून माझीच यादी काढली. बोट फिरवत फिरवत खाली आले. "एक कंबर शिल्लक आहे."

त्या महिन्यात सबंध कारखान्यात एकच माणूस खरा आजारी होता आणि तोच मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊन, कंबर धरून रजेवर गेला. तीन आठवडे मी डोंबिवलीला मामाकडे उसाचा रस पिऊन आणि बिनतेलाची भाजी खाऊन पडलो. भावे साहेबांनी निरोप पाठवला, "निकमांना सांगा, गादीवर झोपू नका, फळीवर झोपा."

परत कामावर गेलो तर साहेब फुललेले. "निकम, कमाल केलीत. गणपतीच्या दिवसांत साथी हमखास येतात. या वर्षी कॉम्प्युटरने एकदासुद्धा आवाज केला नाही. संपूर्ण कारखाना निरोगी."

निम्मा कारखाना तेव्हा रत्नागिरीत आरत्या म्हणत होता. दोन आठवड्यांनी प्रोबेशन संपलं आणि साहेबांनी टेबलाच्या खणातून पत्र काढून माझ्या हातात दिलं. पर्मनंट.

पेढे घेऊन मी जगदाळे सरांकडे गेलो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, परत दिलं. पेढा घेतला नाही.

"काल तुझ्या साहेबांना भेटून आलो," ते म्हणाले. "मुलगी द्यायची म्हणजे चौकशी करायलाच हवी. ते म्हणाले, मुलगा हुशार आहे, मेहनती आहे, फक्त कंबरेने अधू आहे. एकवीस दिवस अंथरुणाला खिळून होता. वय काय रे तुझं?"

"सव्वीस, सर."

"सव्वीस. मी बावन्न वर्षांचा आहे. शंभर जोर मारतो."

स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी होती. मला तिच्याकडे बघून ओरडावंसं वाटलं की अगं, माझी कंबर ठणठणीत आहे, मला साधी कावीळ झालेली, ती गेली. पण सरांनी लगेच विचारलं असतं, मग कागदावर कंबर का? आणि खरं कळल्यावर हा माणूस दुसऱ्या दिवशी भावे साहेबांसमोर सावधानमध्ये उभा राहिला असता. चोवीस माणसं परत रस्त्यावर. एक खांदा मी घालवलेला होता, आता नोकऱ्या घालवायच्या नव्हत्या.

"आता बरी आहे कंबर," मी म्हटलं.

"बरी आहे? दाखव मग. खाली गॅसवाल्याने भरलेला सिलेंडर ठेवलाय. आण वर."

सर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. लिफ्ट नव्हती. आणि मला डॉक्टरांनी दोन महिने जड उचलू नको सांगून जेमतेम पाच आठवडे झालेले.

मी खाली गेलो. सिलेंडर उचलला, खांद्यावर घेतला. पहिला मजला झोकात चढलो. वरून सर कठड्यावर वाकून बघत होते, मागे सुनंदा, तिच्या मागे तिची आई. दुसऱ्या मजल्याच्या पाच पायऱ्या राहिल्या तेव्हा डोळ्यांपुढे काजवे आले. राहिलेल्या चढलो. आणि तिथे वळताना पाठीत, बरोबर मधोमध, सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला.

मी सिलेंडर मिठीत घेऊन तिथेच बसलो. उठताच येईना. चौघांनी मला वर नेलं, सिलेंडर सुनंदाने आणला. जगदाळे सरांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. "माझ्यामुळे झालं," सारखे म्हणत होते. आठ दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या कंबरेला तेल चोळलं आणि नवव्या दिवशी सुपारी फोडली. मी पालथा झोपलेलो असताना. लग्नात हार घालायला मला वाकता येत नव्हतं म्हणून सुनंदाला पाटावर उभं केलं. तिला अजून वाटतं, तिच्या वडिलांनी माझी कंबर मोडली. आजही घरात मला कुणी पाण्याची कळशी उचलू देत नाही आणि मी ते मुकाट्याने चालवून घेतो.

तर असं आहे. साथ येण्याआधी ओळखणारा माणूस व्हायचं होतं मला. शिमग्याला कुणालाच काही नव्हतं तेव्हा मला तेवीस कावीळवाले दिसले. गणपतीत मला स्वतःला कावीळ झाली तर माझ्या यंत्राला ती दिसली नाही. सगळ्या नोकरीत मी एकच दुखणं वेळेच्या आधी बरोबर ओळखलं. माझी कंबर जायच्या पाच आठवडे आधी मी तिची नोंद केलेली, तीसुद्धा डॉक्टरच्या सहीनिशी.